लेझरने चष्मा घालवायचा का? ठरवण्याआधी काय काय बघायचं

गेल्या वर्षी मार्चमध्ये भाची दुकानात आली ती ऑपरेशनची तारीख घेऊनच. "मामा, परवा आहे. आईला सांगितलंय, तुम्ही फक्त हो म्हणा." घरात स्थळं बघणं सुरू होतं आणि दोन ठिकाणांहून 'मुलीला चष्मा आहे का' अशी विचारणा झाली होती. मी तिला एकच विचारलं, "कॉन्टॅक्ट लेन्स कधी काढलीस?" म्हणाली, "तपासायला गेले त्या दिवशी सकाळी."

तारीख रद्द केली. त्यानंतर आठ महिन्यांनी, दिवाळी झाल्यावर, तिचं लेझर झालं आणि चांगलं झालं. मधल्या आठ महिन्यांत आम्ही काय काय तपासलं, ते इथे क्रमाने लिहितोय. दुकानात आठवड्याला चार-पाच जण तरी हेच विचारतात, आणि काउंटरवर उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही.

माझ्याबद्दल दोन गोष्टी आधी सांगतो. सोलापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे, बावीस वर्षं मी नंबर काढतोय. म्हणजे लेझर झालेला माणूस माझ्याकडून चष्मा घ्यायचा थांबतो, हे लक्षात ठेवून वाचा. आणि मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. ऑपरेशन करायचं की नाही हे शेवटी तुमचा सर्जन आणि तुम्ही ठरवणार. पण सर्जनच्या खुर्चीत बसण्याआधी घरी करता येण्यासारखं पुष्कळ असतं.

आधी कागदावर लिहा: का करायचंय?

एक कागद घ्या आणि चष्म्यामुळे रोज काय अडतं ते लिहा. हेल्मेटमध्ये काच धुरकटते, घामाने चष्मा नाकावरून घसरतो, पोहताना भिंत दिसत नाही, भट्टीसमोर काम आहे, नंबर आठ असल्याने रात्री उठल्यावर चष्मा चाचपडावा लागतो. ही कारणं पक्की आहेत. 'लग्नात अडतंय' हे कारण मी खोटं म्हणत नाही, आपल्याकडे ते खरंच अडतं. पण ते एकटंच कारण असेल तर निर्णय मुलीचा आहे की पाहुण्यांचा, हे तिला एकटीला बसवून विचारा. भाचीने तिच्या कागदावर पहिलं कारण लिहिलं ते नोकरीसाठी बार्शीच्या शाखेत रोज एसटीने जाण्याचं: खिडकीतून येणारी धूळ, लेन्स घातली की संध्याकाळी लाल होणारे डोळे. लग्न चौथ्या क्रमांकावर होतं.

नोकरीसाठी करणार असाल तर आधी जाहिरात वाचा. सोलापूर रेल्वेचं गाव, त्यामुळे असिस्टंट लोको पायलटची भरती निघाली की पोरं धावत येतात: "नंबर घालवून द्या, मेडिकल पास व्हायचंय." त्या पदाला लेझरने नंबर घालवलेला उमेदवार चालत नाही, तसं जाहिरातीतच छापलेलं असतं. सैन्य, पोलीस, निमलष्करी दलं यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतातही. कुठे चालतं पण वयाची, ऑपरेशननंतरच्या महिन्यांची, पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या) जाडीची अट असते. कुठे मुळीच चालत नाही. चालू जाहिरातीचं मेडिकलचं पान छापून सर्जनला दाखवा. क्लासच्या सरांनी सांगितलं म्हणून करू नका.

नंबर थांबलाय का?

घरातले जुने चष्म्याचे कागद काढा. नसतील तर जिथून चष्मा घेतला त्या दुकानात विचारा, बहुतेकांकडे नोंद असते. निदान एक वर्ष, जमलं तर दोन वर्षं, नंबर अर्ध्याहून (म्हणजे ०.५० हून) जास्त सरकलेला नसावा. अठराच्या आत लेझर करत नाहीत. माझं मत विचाराल तर एकवीस-बावीसच्या आत घाई नको, कारण रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या मुलांचा नंबर त्या वयातही पाव-पाव करत वाढताना मी पाहतो. नंबर वाढता असताना लेझर केलं तर डोळा पुढे वाढतच राहतो आणि दोन वर्षांनी पुन्हा चष्मा लागतो.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा. त्या काळात नंबर हलतो आणि डोळ्यांचा ओलावाही बदलतो. दूध सुटल्यावर काही महिन्यांनी पुन्हा तपासा.

लेझरने नंबर जातो, डोळ्याची लांबी जात नाही, हेही इथेच सांगतो. मायनस नंबराचा डोळा मुळात लांबट असतो. लेझर पुढची काच घासून प्रकाश पडद्यावर नीट पाडतं, पण आतला ताणलेला पडदा तसाच राहतो. म्हणून मोठ्या मायनस नंबरवाल्यांनी लेझरनंतरही वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा दाखवायचा. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी सांगा

संधिवात, ल्युपस किंवा तोंड-डोळे कोरडे पडणारा आजार, ताब्यात नसलेली साखर, पूर्वी डोळ्यात झालेली नागीण, काचबिंदू, जखमेची जागा जाड होऊन वाढण्याची प्रवृत्ती. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही. त्वचेच्या डॉक्टरचं औषध डोळ्यांच्या डॉक्टरला कशाला सांगायचं असं वाटतं, पण त्या गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात. घरात कुणाला केरॅटोकोनस असेल, म्हणजे पारपटल शंकूसारखं पुढे येण्याचा आजार, तर हे सगळ्यात आधी सांगा.

पंधरा दिवस डोळ्यांवर नजर ठेवा

ही पायरी कुणीच करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी हीच.

डोळे चोळण्याची सवय किती आहे हे माणसाला स्वतःला कळत नाही. घरच्याला सांगा, पंधरा दिवस मोजायचं. भाचीच्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा ओढल्या. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा! मुठीने, बोटाच्या पेराने, ओढणीच्या टोकाने. सकाळी उठल्या उठल्या जास्त. खाजऱ्या डोळ्यांची ॲलर्जी आपल्याकडे पुष्कळ आहे: उन्हाळ्यातलं कोरडं वारं, रस्त्याची धूळ, अक्कलकोट रोडकडे कारखान्यातली सुताची धूळ, बिड्या वळणाऱ्या घरांत तंबाखूची धूळ. जोरात आणि वर्षानुवर्षं चोळल्याने पारपटल कमकुवत होतं. अशा डोळ्यावर लेझर करून ते आणखी पातळ केलं, तर काही वर्षांनी पुढे फुगू शकतं. त्याला एक्टेशिया म्हणतात, आणि लेझरच्या सगळ्या गुंतागुंतीत मला सगळ्यात भीती याचीच वाटते. मग नंबर चष्म्यानेही नीट बसत नाही, कडक लेन्स लागते, पारपटल टणक करणारं क्रॉस-लिंकिंग करावं लागतं, क्वचित पारपटल बदलावं लागतं.

भाचीला इथल्याच डॉक्टरांनी तीन महिने ॲलर्जीचे थेंब दिले आणि गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. जुलैत रेघा दोन-तीनवर आल्या. तेव्हा पुढे जायचं ठरलं.

कोरडेपणाही बघा. दुपारनंतर डोळ्यांत वाळू असल्यासारखं वाटतं का? पंख्याखाली, एसीत चुरचुरतं का? पापणी मिटली की बरं वाटतं का? लेझरमध्ये पारपटलाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे पहिले काही महिने पाणी कमी सुटतं. आधीच कोरडा असलेला डोळा नंतर जास्त त्रास देतो. कोरडेपणा आहे म्हणून लेझर होणारच नाही असं नाही, पण आधी त्याचा इलाज करून मगच.

रात्री पुणे हायवेवर गाडी चालवणारे असाल तर आताच, चष्मा लावून, समोरच्या दिव्यांभोवती किती वलय दिसतं ते लिहून ठेवा. नंतर तुलना करायला काहीतरी हाताशी असावं.

तपासणी: इथे घाई करणाऱ्याकडून उठून या

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी एक ते दोन आठवडे बंद, कडक लेन्स असेल तर निदान तीन-चार आठवडे. लेन्स पारपटलाला दाबून त्याचा आकार बदलते. सकाळी लेन्स काढून दुपारी काढलेला नकाशा हा लेन्सने दाबलेल्या डोळ्याचा नकाशा असतो. भाचीला जिथे परवाची तारीख दिली होती, तिथे हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पंधरा दिवस चष्म्यावर राहून दुसरीकडे तपासल्यावर तिचा डावा नंबर पाव कमी भरला. पाव म्हणजे थोडं वाटतं, पण लेझर एकदा घासलं की परत भरता येत नाही.

पूर्ण तपासणीला दोन-तीन तास धरा आणि सोबत कुणाला तरी न्या. बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की काही तास जवळचं दिसत नाही, ऊन सहन होत नाही आणि गाडी चालवायची नसते. यात इतकं व्हायलाच हवं: साधा नंबर आणि थेंब टाकून काढलेला नंबर (तरुण डोळा जोर लावून खोटा मायनस दाखवतो), पारपटलाचा नकाशा आणि जाडी, डोळ्याचा दाब, अंधारात बाहुली किती मोठी होते, पाण्याची चाचणी आणि पडद्याची तपासणी. पाण्याच्या चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. दहा मिलिमीटरच्या वर भिजली तर बरं, पाचच्या खाली राहिली तर डोळा चांगलाच कोरडा. पडद्यावर पातळ जागा किंवा भोकं सापडली तर आधी त्यांच्याभोवती लेझरचे टाके घालतात. ते लेझर वेगळं, त्याने नंबर जात नाही.

नकाशाचा कागद मागून घ्या आणि स्वतः बघा. पेंटाकॅम किंवा तसल्या मशीनवर काढलेला असतो: काळ्या पानावर रंगीत गोल, सपाट भाग निळा-हिरवा, उंच भाग पिवळा ते लाल. सिलिंडर नंबर असेल तर मधोमध डमरू दिसतो, वरचा आणि खालचा भाग सारखा. तसा भाचीचा होता, दोन्ही डोळ्यांत. डमरूचा खालचा भागच फुगलेला असेल, वाकडा असेल, किंवा खालच्या बाजूला एकच लाल डाग असेल, तर डॉक्टरांना बोट ठेवून विचारा, "हे काय आहे?" केरॅटोकोनसची सुरुवात बऱ्याचदा अशीच दिसते आणि चष्म्याने ६/६ दिसत असतानाही ती असू शकते. अशा डोळ्यावर लेझर करायचंच नाही.

मायक्रॉनचा हिशेब

हा हिशेब तुम्हाला कुणी समजावत नाही. शाळेच्या वजाबाकीइतकाच तो सोपा आहे.

पारपटल साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं, म्हणजे ५०० मायक्रॉनच्या वर. सरासरी ५४० च्या आसपास धरतात, आपल्या लोकांत त्याहून कमीही बरंच आढळतं. लॅसिकमध्ये वरचा पापुद्रा उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात. तो १०० ते १२० मायक्रॉनचा. त्याखाली लेझरने घासतात ते एका नंबराला साधारण १२ ते १५ मायक्रॉन. सिलिंडर नंबर असेल तर तोही धरायचा. उरलेली गादी २५० मायक्रॉनच्या खाली जाऊ द्यायची नाही, बरेच सर्जन ३०० च्या वर ठेवतात. शिवाय फ्लॅप आणि घासलेला भाग मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांच्या वर गेला की धोका वाढतो असं मानलं जातं.

भाचीचा मोठा नंबर सव्वाचार, सगळ्यात पातळ जागा ५३१. एका नंबराला १४ धरले तर ६० मायक्रॉन घासायचे. ५३१ मधून ११० आणि ६० वजा केले की ३६१ उरतात. बदललेला भाग ३२ टक्के. हे बसलं.

माझा साडेसात, जाडी ४७८. घासायचे १०५. उरले २६३, बदललेला भाग ४५ टक्के. मी एकतीस वर्षांचा असताना सर्जनने कागद पाहून पाच मिनिटांत नाही म्हणून सांगितलं. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, घरी येऊन जेवलोही नाही. आज त्या डॉक्टरांचे मी आभार मानतो. त्यांना हो म्हणणं सोपं होतं आणि मी पैसे घेऊनच गेलो होतो.

पद्धत कुठली?

डोळा भाजेल का, हा प्रश्न हमखास येतो. नंबर घासणारं एक्सायमर लेझर भाजत नाही. मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि आयबीएम या अमेरिकी कंपनीतले त्यांचे दोन सहकारी यांच्या १९८१ मध्ये लक्षात आलं की हे अतिनील लेझर सजीव ऊतीवर सोडलं तर आजूबाजूला भाजण्याची खूण न राहता नेमका थर निघतो. पहिला प्रयोग त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर केला होता. ऑपरेशनच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो, तो निघणाऱ्या थराचा. घाबरू नका.

जाहिरातीत दहा नावं असली तरी निवड मुळात चारच प्रकारांत असते. लॅसिक: फ्लॅप उचलून खाली घासायचं. फ्लॅप ब्लेडने करतात किंवा फेम्टो लेझरने, आणि फेम्टोत जाडीवर ताबा जास्त राहतो. दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतं, पण फ्लॅप पहिल्यासारखा घट्ट कधीच चिकटत नाही. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलावं, कारण काही वर्षांनीही जोराचा मार लागून फ्लॅप सरकल्याच्या घटना आहेत. पीआरके: फ्लॅप नाही, वरची नाजूक त्वचा खरवडून थेट घासायचं. दोन-तीन दिवस चांगलं दुखतं, चार-पाच दिवस पट्टीसारखी लेन्स घालून ठेवतात, नजर बसायला काही आठवडे जातात. पण थोड्या पातळ पारपटलाला आणि खेळाडूंना हीच बरी. स्माइल: आतल्या आत भिंगासारखा तुकडा कापून दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून ओढून काढायचा. फ्लॅप नाही, कोरडेपणा थोडा कमी. प्लस नंबराला आपल्याकडे सहसा लॅसिकच करतात. आणि आठ-दहाच्या वरच्या नंबराला किंवा पातळ पारपटलाला आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत लेन्स बसवणं. ती काढता येते, मात्र दाब आणि मोतीबिंदू यांसाठी आयुष्यभर वर्षाला तपासणी लागते. मला हाच पर्याय सुचवला होता. मी चष्म्यावरच राहिलो.

पस्तिशीच्या पुढे असाल तर चाळिशीचा विचार आधी

यावर लोक सगळ्यात जास्त चिडतात, म्हणून ठळक सांगतो. लेझरने चाळिशी टळत नाही. चाळिशी लागते ती डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठ झाल्याने. लेझर पुढच्या काचेवर होतं.

दीड ते अडीच मायनसवाले लोक चाळिशीनंतर चष्मा काढून पेपर वाचतात. ही निसर्गाने दिलेली सोय आहे. त्रेचाळीसाव्या वर्षी लेझर करून ती घालवली, तर दूरचा चष्मा जातो आणि वाचायचा येतो. एका शिक्षिकेचं असंच झालं. दिवसभर वह्या तपासायच्या, आणि आता प्रत्येक वहीला चष्मा. ऑपरेशन उत्तम झालं होतं, पण त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. काही ठिकाणी एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी ठेवतात. ते करायचं असेल तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून दोन आठवडे तसं जगून बघा. काहींना जमतं, काहींना चक्कर येते.

काय बिघडू शकतं, खरं खरं

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, लॅसिक झालेल्या लोकांनाच विचारून अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. पण आधी वलयं, चकाकी, दुहेरी दिसणं अशी कुठलीही तक्रार नसलेल्यांपैकी ४३ ते ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनी निदान एक नवी तक्रार होती. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांच्या आसपास लोकांना तो जाणवू लागला होता. त्या तक्रारींमुळे रोजची कामं फार अडतात असे एक टक्क्याहून कमी. दोन्ही आकडे एकत्र वाचा. पहिलाच वाचला तर फसाल, दुसराच वाचला तर उगाच घाबराल.

थोडा नंबर उरणं, काही वर्षांनी अर्धा-पाऊण परत येणं, हे मोठ्या नंबरवाल्यांत जास्त होतं. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर गंभीर. आणि ज्यांचं पोट रात्रीच्या ड्रायव्हिंगवर आहे, त्यांनी वलयांबद्दल सर्जनशी वेगळं बसून बोलावं. ट्रक, ट्रॅव्हल्स चालवणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, गाडीपासून निदान महिनाभर मोकळे असाल तेव्हाच करा.

पैसे, आणि कुठे करायचं

खर्च काही हजारांपासून लाखाच्या वर जातो. ब्लेडपेक्षा फेम्टो महाग, त्याहून सहसा स्माइल, सगळ्यात वर आयसीएल. रक्कम विचारताना हे सुटं सुटं विचारा: दोन्ही डोळ्यांचे की एका, तपासणी धरून का, थेंब धरून का, पुढच्या वर्षभराच्या फेऱ्या धरून का, नंबर उरला तर पुन्हा करायचे पैसे पडतात का. विमा असेल तर साडेसातपेक्षा कमी नंबराचा खर्च सहसा वगळलेला असतो. साडेसात किंवा जास्त असेल तर पॉलिसी वाचून आधी लेखी विचारा.

'आजच नाव नोंदवा, उद्यापासून दर वाढेल' असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. सोलापुरात करा, पुण्यात करा की हैदराबादला, तिथल्या सर्जनला समोर बसून तीन प्रश्न विचारा. माझ्यासारख्या डोळ्याला तुम्ही कधी नाही म्हणता? ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का? रात्री दोनला दुखलं तर फोन कुणाला करायचा? संमतीपत्र मराठीतून, एक दिवस आधी, घरी न्यायला मागा. पुण्यात केलं तर सोलापुरातले कोण डॉक्टर मधल्या वेळी बघतील हे आधीच पक्कं करा. पहिल्या आठवड्यात डोळा लाल झाला म्हणून अडीचशे किलोमीटर धावता येत नाही.

दिवस कोणता निवडायचा

एप्रिल-मे टाळता आला तर टाळा. चाळीसच्या वरचं ऊन आणि कोरडं वारं आधीच डोळ्यांतलं पाणी आटवतं, पीआरके केलेल्यांना तर ऊन फारच जपावं लागतं. गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, रंगपंचमी, सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याची गर्दी: गुलाल आणि धुळीचे हे दिवस पुढच्या महिन्याभरात येत नाहीत ना, कॅलेंडरवर बघा. आम्ही नोव्हेंबर धरला.

भाची आणि मी हुतात्मा एक्सप्रेसने आदल्या दिवशी पुण्याला गेलो. त्या दिवशी काजळ, क्रीम, अत्तर काही नाही, डोकं आधीच धुतलेलं. सुई नसते, फक्त बधिर करणारे थेंब. पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात, एक गोल कडं डोळ्यावर दाबतं, काही सेकंद सगळं काळं होतं. तिला त्याचीच भीती वाटली, पण डॉक्टर मोठ्याने आकडे मोजत होते. दोन्ही डोळे मिळून वीस मिनिटांच्या आत बाहेर. मग पाच-सहा तास चुरचुर आणि पाणी, कांदा चिरल्यासारखं. घरी येऊन झोपवलं. सकाळी तिने भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा वाचून दाखवला.

पुढचा आठवडा झोपताना प्लास्टिकच्या वाट्या चिकटवून, डोळ्यात पाणी न जाऊ देता, चोळणं बंद. पोहणं चार आठवडे बंद. एसटीचा प्रवास सुरू झाला तेव्हा साधा बंद गॉगल, कारण इतकी वर्षं धूळ अडवायला चष्मा होता, तो आता नव्हता. ओलाव्याचे थेंब पाच महिने चालले. स्टेरॉइडचे थेंब सांगितले तितकेच दिवस. संपले म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने आणायचे नाहीत, दाब वाढतो. वाढतं दुखणं, लाली, घाण येणं, अचानक कमी दिसणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं.

कागद जपून ठेवा

ऑपरेशनआधीचा नंबर, पारपटलाची जाडी, नकाशा, किती मायक्रॉन घासले, तारीख. लेझरनंतर पारपटल पातळ होतं, म्हणून डोळ्याचा दाब मशीनवर आहे त्यापेक्षा कमी दिसतो. काचबिंदू तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला 'माझं लेझर झालंय' हे सांगावं लागतं. आणि तीस-चाळीस वर्षांनी मोतीबिंदू होईल, तेव्हा आत कितीची लेन्स बसवायची हा हिशेब या कागदांवाचून अवघड जातो. भाचीने सगळ्यांचे फोटो काढून स्वतःला मेल केले, एक झेरॉक्स आईच्या कपाटात साड्यांखाली, एक माझ्या दुकानातल्या रजिस्टरमध्ये. तिच्या नावापुढे मी आता लिहिलंय: उजवा शून्य, डावा पाव, लेझर झालेलं, पडदा दर नोव्हेंबरला.